१६० मिलिमीटरच्या आत

लॅमिंग्टन रोडवर विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या यादीतली महागडी वस्तू स्वतःच्या हाताने खोडतो, हे पाहून मला आधी संशयच आला. भाच्याला कीबोर्ड घेऊन द्यायला गेलो होतो. शेजारी कॉलेजातला एक मुलगा वीज पुरवणारा ८५० वॅटचा एसएमपीएस राहू द्या म्हणून हट्टाला पेटला होता आणि काउंटरमागचा माणूस, "तुझं सगळं मिळून साडेतीनशेच्या वर जात नाही रे, उरलेल्या पाचशेचं काय करणार?" म्हणत पेन्सिल फिरवत होता. यात काहीतरी डाव असणार, असं म्हणत घरी आलो. पण ते डोक्यातून जाईना. म्हणून पुन्हा गेलो. या वेळी काही घ्यायचं नव्हतं. "बसा की, फक्त टेबलाला हात लावू नका," एवढ्या अटीवर आत स्टूल मिळालं.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं की थोडं चालून हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन अजून टिकून आहे. दुकान म्हणजे दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकणार नाहीत एवढी पट्टी. पुढे काउंटर, मागे जुळणीचं टेबल, वर छतापर्यंत खोकी. जुळणी करणाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात. टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, पेस्टची ट्यूब, आणि एक स्टीलची फूटपट्टी. त्या पट्टीवर १६ सेंटिमीटरपाशी लाल मार्करची रेघ मारलेली होती. या रेघेचं काम काय, ते थोड्याच वेळात कळलं.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली. मोबाईलमध्ये यादी, आणि ती यादी तिने भरपूर व्हिडिओ पाहून केली होती हे पहिल्या ओळीपासून दिसत होतं. वडिलांचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारला: एवढ्या पैशात तयार लॅपटॉप येत नाही का? भाऊंनी त्यांना बसायला सांगितलं आणि मुलीला विचारलं, "चालवणार काय यावर?"

"स्केचअप. आणि ल्युमियन."

"गेम?"

"नाही. म्हणजे, फारसं नाही."

भाऊंनी यादी कागदावर उतरवून घेतली. मोबाईलवरची यादी ते वाचत नाहीत. खोडता येत नाही म्हणतात.

पहिली काट रॅमवर पडली. यादीत एएमडीचा रायझन ७ ७७०० हा प्रोसेसर होता आणि त्यापुढे 'रॅम: मित्राची, डीडीआर ४' असं लिहिलेलं. मुलीचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे उसळले, ते दुपटीच्याही पुढे गेले. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीच्या चिप्स वळल्या आणि डिसेंबरात मायक्रॉनसारख्या कंपनीने 'क्रुशल' हा आपला घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशात कुणी जुनी रॅम फुकट देत असेल तर कोण नाही म्हणेल? भाऊंनी ड्रॉवरमधून दोन पट्ट्या काढल्या, एक डीडीआर ४, एक डीडीआर ५, आणि एकीवर एक धरल्या. लांबी तीच. खालच्या सोनेरी पिनांची संख्याही तीच, दोन्हीकडे २८८. फक्त मधली खाच किंचित सरकलेली. त्यांनी नख त्या खाचेत घालून दाखवलं. "हे एवढंच. मित्राची पट्टी या बोर्डात जाणारच नाही. आणि जोर करून घातली तर बोर्ड जाईल."

मुलीचा चेहरा पडला. कारण कागदावर आता रॅमची किंमत लिहायची होती.

मग इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर घेतला तर? त्याच्या एलजीए १७०० सॉकेटवर डीडीआर ४ चे बोर्ड मिळतात, मित्राची पट्टी चालेल, असं तिनेच सुचवलं. म्हणजे अभ्यास होता. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. त्यात खोट काही नाही म्हणाले. पण तो सॉकेट चौदाव्या पिढीपाशी संपला, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने नवे प्रोसेसर आणले ते १८५१ वर. पुढे काही बदलायचं झालं तर बोर्डासकट सगळं बदलावं लागेल. एएमडीचा एएम ५ हा सॉकेट २०२२ चा, आणि निदान २०२७ पर्यंत त्यावर नवे प्रोसेसर येत राहतील असं कंपनी सांगते. "म्हणजे नोकरी लागल्यावर नुसता प्रोसेसर बदलशील." हे ऐकून वडील पहिल्यांदा पुढे सरकून बसले. 'नोकरी लागल्यावर' या शब्दांचा तो परिणाम असावा.

दुसरी काट कूलरवर. व्हिडिओत पाहिलेला दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा कूलर तिने घेतला होता. उंची १६५ मिलिमीटर. कॅबिनेट या दुकानात सर्वांत जास्त खपणारं, बाजूला काच असलेलं. भाऊंनी फूटपट्टी उभी केली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"एकशे साठ."

"पण पाचच मिलिमीटरचा फरक आहे," मुलगी म्हणाली.

"पाच मिलिमीटर म्हणजे काच लागत नाही. एकशे साठ म्हणजे एकशे साठ."

प्रोसेसरच्या खोक्यात कूलर येतोच, वेगळा कशाला, हा वडिलांचा मुद्दा रास्त होता. पण घर एका खोलीचं, धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपतो, आणि सबमिशनच्या आधी रात्र रात्र रेंडर चालणार. खोक्यातला छोटा पंखा जोर आला की घरघरतो. भाऊंनी एका मनोऱ्याचा, १५५ मिलिमीटरचा कूलर लिहिला. दिवसभरात ते 'एकशे साठ' किती गिऱ्हाइकांना म्हणाले याचा हिशेब मी ठेवला नाही, पण शेवटी शेवटी ते तोंडून निघायच्या आधीच मी मनात म्हणत होतो. बोर्डाचा आकार लोक पाहतात, ग्राफिक्स कार्डाची लांबी पाहतात, हल्ली सॉकेट जुळतो की नाही हे सांगणाऱ्या वेबसाइटही आहेत. उंची मात्र राहून जाते, कारण फोटोत सगळं समोरून दिसतं.

मग एसएमपीएस. यादीत त्यापुढे लिहिलं होतं: 'कॅबिनेटसोबत फुकट'.

इथे भाऊंचा सूर बदलला. टेबलाखालून त्यांनी एक जुना, मळलेला एसएमपीएस वर काढला आणि काही न बोलता वडिलांच्या नाकासमोर धरला. मग माझ्या. जळलेल्या कपॅसिटरचा वास कडवट असतो, आणि त्यात मासळीसारखी एक छटा असते जी घशाच्या मागे जाऊन बसते. रात्री घरी जेवताना मला तो आठवला, आणि हे लिहितानाही आठवतोय. असाच एक फुकटचा, खोक्यावर साडेचारशे वॅट छापलेला. जाताना एकटा गेला नव्हता. बोर्ड घेऊन गेला. प्रोसेसर महाग, कार्ड महाग, म्हणून सगळी घासाघीस तिथे, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा मात्र फुकटचा, हे आपल्याकडचं गणित मला कधी उलगडलेलं नाही.

हिशेब भाऊंनी कागदावर मांडला. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी जोरात चालताना तो ८८ पर्यंत घेतो. कार्ड १८० पर्यंत. बाकी सगळं मिळून पन्नास धरा. म्हणजे सव्वातीनशेच्या आत. ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. 'गोल्ड', 'ब्राँझ' असे जे शिक्के असतात ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतात. आतला माल टिकाऊ आहे का, हे त्यावरून कळत नाही. आणखी एक: जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबली नव्याला लावायच्या नाहीत. कार्डाच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, डब्याच्या बाजूचं ज्या त्या कंपनीचं वेगळं. टोक बसतं, पण वीज भलत्याच तारेतून येते आणि हार्ड डिस्क मरते.

मी मध्येच विचारलं, स्वस्तातलं विकून मोकळं व्हायचं सोडून एवढं का समजावता? भाऊ हसले. "परत कुठे येणार? या टेबलावरच ना. आणि तेव्हा फुकटात खोलावं लागतं." याला मी सचोटी म्हणणार नाही. हा स्वतःचे कष्ट वाचवायचा हिशेब आहे, आणि खरं सांगायचं तर सचोटीपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास बसला.

यादी आता बरीच बदलली होती. ७७०० च्या जागी ७६०० आला, कारण ल्युमियनला प्रोसेसरपेक्षा कार्ड लागतं. रंगीत दिव्यांचे पंखे गेले. याचं मला वाईट वाटलं नाही, मुलीला वाटलं. वाचलेल्या पैशातून आठ जीबीचं आरटीएक्स ५०६० जाऊन सोळा जीबी मेमरीचं ५०६० टीआय आलं. एवढं करूनही रॅमपाशी गाडी अडली. सोळाच्या दोन पट्ट्या हव्यात, पैसे एकीपुरतेच. भाऊ म्हणाले, आत्ता एकच घे, सहा महिन्यांनी तशीच दुसरी लाव. हे मला तितकंसं पटलं नाही. जोडीने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या एकमेकींशी जुळवून पाहिलेल्या असतात. त्याच नावाची पट्टी नंतर घेतली तरी आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात, आणि मग दोघी मिळून पूर्ण वेगाने चालतीलच याचा भरवसा नसतो. मी तसं म्हणालोही. "बरोबर आहे," भाऊ म्हणाले, "पण कार्ड नंतर अर्धं घेता येत नाही." यावर मला काही बोलता आलं नाही. चार पट्ट्यांच्या नादाला मात्र लागू नकोस, या बोर्डांवर चार लावल्या की वेग खाली येतो, एवढं त्यांनी मुलीला बजावलं.

वडिलांनी पैसे मोजले. प्रत्येक खोक्यावरचा सिरियल नंबर बिलावर उतरवला गेला, कारण वॉरंटी ज्या त्या वस्तूची वेगळी.

जुळणीला बसण्याआधी भाऊंनी हात धुतले आणि कोरडे केले. बोर्डाच्या सॉकेटवर काळी प्लॅस्टिकची टोपी असते. पूर्वीच्या एएम ४ वर पिना प्रोसेसरला असायच्या. वाकली तर क्रेडिट कार्डाच्या कडेने सरळ करता यायची म्हणे. आता १७१८ पिना बोर्डात, केसाएवढ्या, सगळ्या एका दिशेला कललेल्या. मी वाकून पाहिलं तर ट्यूबलाइटच्या उजेडात नुसती सोनेरी झाक दिसली, एक एक पीन वेगळी दिसेना. भाऊंनी प्रोसेसर दोन कडांना धरला, कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि सोडून दिला. दाबला नाही. त्या क्षणी बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत ओरडत होता, काउंटरवर फोन वाजत होता, आणि भाऊंचा श्वास थांबलेला होता. पीन वाकली तर बोर्डाची वॉरंटी संपते. ती वाकलेली आली की इथे वाकली, हे सिद्ध करता येत नाही. तरफ खाली दाबली तशी ती टोपी टप्पकन आपोआप उडाली. भाऊंनी ती उचलून मुलीला दिली. "ही टाकू नकोस. बोर्ड दुरुस्तीला पाठवायचा तर टोपी मागतात."

पेस्ट, कूलर, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेपैकी एका खाचेत रॅम, एसएसडी, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, केबली मागून ओढून पट्ट्या मारल्या. काच लागली. वर पाच मिलिमीटर मोकळे.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. अर्धा मिनिट, एक मिनिट, काळाच. वडील उठून उभे राहिले. मुलीने आवंढा गिळला. भाऊ चहा पीत होते. डीडीआर ५ ची पट्टी पहिल्यांदा लावली की बोर्ड तिला वेगवेगळ्या वेळा देऊन तपासतो, त्याला काही मिनिटं लागतात. याच वेळात घाबरून लोक बटण बंद करतात आणि 'डिस्प्ले येत नाही' म्हणून अख्खा डबा उचलून आणतात. चहा संपायच्या सुमारास पडदा उजळला. भाऊंनी बायोसमध्ये जाऊन रॅमला पूर्ण वेग देणारं एक्स्पो चालू केलं, नाहीतर विकत घेतलेला वेग पट्टीवरच छापलेला राहतो.

शेवटी त्यांनी कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयवर लावला आणि बॉलपेनने लिहिलं: 'इथे नाही'. मॉनिटरची वायर खालच्या कार्डात घालायची. या प्रोसेसरला स्वतःचं छोटंसं ग्राफिक्स आहे, त्यामुळे वरच्या भोकात घातली तरी चित्र दिसतं. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि यादीतली सर्वांत महाग वस्तू नुसती बसून राहते. एक गिऱ्हाईक वर्षभर तसंच वापरत होतं, भाऊ म्हणाले.

"मग ते भोक ठेवलंच कशाला?" वडिलांनी विचारलं.

"कार्ड बिघडलं तर काका. तेव्हा पट्टी काढा."