चुन्यानं राखलं, लाखेनं काळवंडलं

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात केम्प्ली नावाचं खेडं आहे. तिथलं जुनं सेंट मेरी चर्च वस्तीपासून दूर, सखल, ओलसर जागी उभं आहे. इमारत लहानशीच. पण वेदीच्या दालनात मान वर केली की कमानदार छतावर इंद्रधनुष्यावर बसलेला येशू दिसतो, भोवती सूर्य, चंद्र, तारे. दोन्ही भिंतींवर सहा-सहा शिष्य ओळीनं बसले आहेत आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे लागल्या आहेत. ही चित्रं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली.

रंग मुख्यतः मातीचेच, गेरू आणि पिवडी. ते टिकले गिलाव्यामुळे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे ज्या चुनखडीपासून तो भाजून काढला तीच पुन्हा तयार होते. तिच्या स्फटिकांत रंगाचे कण कायमचे अडकतात. याच चर्चमध्ये भाविक बसतात त्या भागातली चित्रं मात्र वाळलेल्या भिंतीवर काढलेली आहेत. ती कितीतरी पुसट झाली आहेत.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत देशभरच्या चर्चमधली चित्रं चुन्याच्या सफेदीखाली गेली. केम्प्लीचीही गेली, आणि त्या सफेदीनंच त्यांना धूळ-काजळीपासून जपलं. 1872 मध्ये ती पुन्हा उजेडात आली. मग त्यांच्यावर संरक्षणासाठी शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, चढवण्यात आलं. माझ्या मते सफेदीपेक्षा हा लेपच चित्रांना जास्त बाधला. तो काळवंडला. शिवाय असल्या लेपानं भिंतीचा श्वास कोंडतो. जमिनीतून चढणारी ओल सोबत क्षार आणते. एरवी पाणी उडून जातं आणि क्षार लोणा होऊन पृष्ठभागावर येतात, ते हलक्या हातानं झाडता येतात. लेप असला की तेच स्फटिक त्याच्या आड वाढतात आणि रंगाचे पोपडे सुटतात.

अजिंठ्यातही हेच घडलं. निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तिथल्या चित्रांवर शेलॅक लावलं आणि पुढे ते पिवळं पडलं. केम्प्लीचं रोगण 1955 मध्ये ईव्ह बेकर यांनी उतरवलं. आता जुन्या चित्रांची डागडुजी करताना संवर्धक आधी छत, पन्हळी आणि भिंतीच्या पायथ्याची ओल पाहतात, आणि सुटलेला गिलावा पुन्हा चुन्यानंच धरून ठेवतात.