विळ्यासारख्या रक्तपेशी

मुलांनो, भात कापण्याचा विळा तुम्ही पाहिला आहे ना? आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल व लवचीक असतात. सिकलसेल या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात. मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झाली, तर लहान मुलालाही पक्षाघात होतो.

गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत हा आजार अधिक आढळतो. तो आईवडिलांकडून येतो, स्पर्शाने नाही. म्हणून अशा सोबत्याबरोबर खुशाल खेळा.

यावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. जन्मापूर्वी रक्तात असणारे हिमोग्लोबिन ते पुन्हा वाढवते. त्यामुळे पेशी कमी वाकतात व पक्षाघाताचा धोका घटतो. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावे लागते.

कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.