एकाच मजल्यावरच्या दोन फ्लॅटचा मिळकतकर वेगवेगळा का? पुण्याचं गणित समजून घ्या

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत एकाच मजल्यावर, एकाच मापाचे दोन फ्लॅट असतात. तरीही एकाचं मिळकतकराचं बिल दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त येतं. दर वेळी ती महापालिकेची चूकच असते असं नाही. अनेकदा एका फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतो आणि दुसरा भाड्याने दिलेला असतो, एवढाच फरक असतो.

मुळात कर कशावर लागतो?

पुण्यात हा कर घराच्या बाजारभावावर लागत नाही. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येऊ शकेल, यावर तो ठरतो. मात्र हे भाडं म्हणजे भाडेकरू दरमहा देतो ते नव्हे. पालिका त्या भागासाठी चौरस फुटाचा दर ठरवते आणि त्यावरून कागदोपत्री भाडं काढते.

समजा, फ्लॅट ६०० चौरस फुटांचा आहे आणि दर महिन्याला अडीच रुपये (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). म्हणजे महिन्याचे १,५०० आणि वर्षाचे १८,००० रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतात १६,२००. हे झालं करपात्र मूल्य.

आता मालक स्वतः राहत असेल, तर १८,००० मधून आधी ४० टक्के सवलत मिळते. उरलेल्या १०,८०० मधून दुरुस्तीचे १० टक्के गेले की करपात्र मूल्य ९,७२० होतं. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण असे जे कर बिलात दिसतात, ते याच रकमेवर टक्केवारीने लागतात. त्यामुळे मूळ आकडा घटला की सगळं बिलच घटतं.

ही सवलत पुण्यात १९७० पासून होती. राज्य सरकारने २०१९ मध्ये ती रद्द केली आणि बराच गदारोळ झाल्यावर २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या काळात नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागू झाली नाही. त्यासाठी मालकाने ‘पीटी-३’ अर्ज भरून आपण तिथेच राहतो याचे पुरावे द्यायचे होते. अर्ज राहून गेला असेल, तर स्वतःच्या घरात राहूनही बिल भाड्याच्या घराचंच येतं. म्हणून रक्कम भरण्याआधी बिलात सवलत धरली आहे का, ते बघायला हवं.

मुंबईत मात्र हिशोब वेगळा आहे. तिथे २०१० पासून रेडी रेकनरवर आधारित भांडवली मूल्यावर कर लागतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून तो पूर्ण माफ आहे.

पैसे कोणी भरायचे?

घर भाड्याने दिलेलं असलं तरी कायद्याने पहिली जबाबदारी मालकाची. त्याने कर थकवला तर पालिका भाडेकरूकडे मागणी करू शकते. ती रक्कम मग भाडेकरू भाड्यातून वळती करू शकतो.

मुदत उलटली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. शिवाय थकलेल्या कराचा बोजा माणसावर नाही, मिळकतीवर बसतो. जुना फ्लॅट घेताना आधीच्या मालकाची थकबाकी तपासली नाही, तर नोटीस नव्या मालकाच्या दारात येते.