एक तबकडी, दोन बँड

नेपाम डेथच्या ‘स्कम’ या पहिल्या अल्बमची तबकडी उलटली की बँडच बदलतो. गायक दुसरा, गिटारवाला दुसरा, बेसवालाही दुसरा. दोन्ही बाजूंना कायम राहतो तो फक्त ड्रमर मिक हॅरिस. यात योजना कसलीच नव्हती. पोरं भांडत होती, कंटाळत होती, सोडून जात होती, त्या धामधुमीतून हा अल्बम हाती लागला.

पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘रिच बिच’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. खर्च जेमतेम पन्नास पौंड. निक बुलन बेस वाजवत गात होता, जस्टिन ब्रॉडरिक गिटारवर होता. ही बारा गाणी खरं तर दुसऱ्या एका बँडबरोबर निम्मी-निम्मी तबकडी वाटून घेण्यासाठी होती. तो बेत फसला. ब्रॉडरिक दुसऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला, पुढे बुलननेही बँड सोडला. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनने आपल्या नवख्या ‘इअरेक’ कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रण घेतलं, पण अल्बमला दुसरी बाजू हवी होती. मग मे १९८७ मध्ये हॅरिस त्याच स्टुडिओत परतला. सोबत कोव्हेंट्रीत कार्यक्रम भरवणारा ली डोरियन, ‘कारकस’चा गिटारवादक बिल स्टिअर आणि बेसवर जिम व्हाइटली. आणखी सोळा गाणी झाली. अठ्ठावीस गाणी मिळून अल्बम जेमतेम तेहतीस मिनिटांचा!

हॅरिसचं कसब ज्या ठेक्यात आहे त्याला ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात. स्नेअर आणि बेस ड्रम आळीपाळीने, न थांबता, इतक्या वेगाने की सुटा ठोका कानाला लागतच नाही. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखा तो सलग होतो. मग लय धरायची ती गिटारच्या बदलत्या स्वरांवरून. अमेरिकेतल्या ‘सीज’ आणि ‘रिपल्शन’ या बँडांत हा वेग आधीच होता, हे हॅरिसला चांगलं ठाऊक होतं. त्याने इंग्लंडच्या रागीट पंकशी त्याची सांगड घातली आणि या प्रकाराला ‘ग्राइंडकोर’ हे नावही त्यानेच दिलं, असं मानतात.

पंकचा वारसा शब्दांतही आहे. भुताखेतांना इथे थारा नाही. पहिल्याच बाजूला बहुराष्ट्रीय कंपन्यांवर तोफ डागलेली आहे. पुढे ‘कारकस’मध्ये गाणाऱ्या जेफ वॉकरने काढलेल्या मुखपृष्ठावरही तोच राग दिसतो. अर्थात हे शब्द कानांनी कळत नाहीत, सोबतचा कागद वाचावाच लागतो. इतकी कळकळ आणि ती ऐकू येऊ नये, हा विनोद त्या पोरांच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘यू सफर’ १.३१६ सेकंदांत संपतं. जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. लोक ते गंमत म्हणून ऐकवतात, आणि अल्बमची ओळख तेवढ्यावरच थांबते, हे मात्र खटकतं. माझ्या मते खरा ऐवज पहिल्या बाजूवरच्या मोठ्या गाण्यांत आहे: जड, संथ गिटार सुरू होते, आता असंच चालणार असं वाटतं आणि हॅरिस तुटून पडतो. दुसऱ्या बाजूचे वादक अधिक सफाईदार, पण तिथे वेग हा नेहमीचाच झाल्यामुळे त्याचा धक्का बसत नाही.

बीबीसी रेडिओ वनच्या जॉन पीलने १९८७ मध्येच या बँडला ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं आणि तळघरातला हा गोंगाट घरोघरी पोचला. पुढचं वळण मजेशीर आहे. स्टिअर कारकसमध्ये रमला, पण ब्रॉडरिकने ‘गॉडफ्लेश’ काढला, डोरियनने ‘कॅथीड्रल’. दोन्ही बँड मुद्दाम रेंगाळणारे, एकेक स्वर ओढत नेणारे. हॅरिसही १९९१ मध्ये बाहेर पडून ‘स्कॉर्न’च्या संथ, खोल ठेक्यांकडे वळला. नेपाम डेथ मात्र चालूच राहिला. त्यात ‘स्कम’वर वाजवलेला एकही माणूस उरला नाही.