ना नोकरदार, ना ज्येष्ठ

मंगळवारची सकाळ. स्वारगेटहून वाईला निघालेल्या लालपरीत आम्ही तिघं होतो: सासरे, बायको आणि मी. सासऱ्यांना चढवायला आम्ही दोघं लागलो. कंडक्टरनं यंत्रातून तीन तिकिटं काढली. सासरे 78 वर्षांचे. राज्यात 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, म्हणून त्यांचं तिकीट शून्य रुपयांचं. बायकोचं अर्धं, कारण मार्च 2023 पासून सगळ्याच स्त्रियांना निम्मं भाडं आहे. माझं पूर्ण.

"तुम्ही काय करता?" सुटे पैसे मोजता मोजता त्यानं विचारलं.

"निवृत्त झालो."

"मग कार्ड दाखवा की, अर्धं देतो."

"पन्नास आहे हो माझं वय."

"मग कसले निवृत्त!" म्हणत तो पुढच्या बाकाकडे सरकला.

वर्षभरापूर्वी नोकरी सोडली तेव्हापासून मला जे नीट मांडता येत नव्हतं, ते त्या माणसानं तीन शब्दांत सांगितलं. आपल्याकडे कायदा, सवलती आणि बँकेचे फॉर्म माणसाला अठ्ठावन्न किंवा साठीला म्हातारा धरतात. त्याआधी कामातून बाहेर पडलेल्याला रकानाच नाही. लवकर निवृत्तीबद्दल बोलताना सगळे "किती कोटी लागतात?" एवढंच विचारतात. मला वाटतं, त्याहून अवघड प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. पगार थांबल्यापासून ज्येष्ठत्व लागू होईपर्यंतच्या या पुलावर आपण स्वतःच स्वतःचं सरकार असतो.

पुलावर काय मिळत नाही

आधी हे समजून घ्यावं. भविष्य निर्वाह निधीसोबतचं पेन्शन किमान दहा वर्षं नोकरी झाली असेल तर 58 व्या वर्षी पूर्ण मिळतं. पन्नाशीनंतर ते आधीही सुरू करता येतं, पण जितकी वर्षं आधी, तितके वर्षाला 4 टक्के कापले जातात. मूळ रक्कमही फार मोठी नसते. पगाराची मर्यादा 15,000 रुपये धरली जाते, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. 24 वर्षांच्या नोकरीला महिन्याला जेमतेम पाच-साडेपाच हजार रुपये येतात. जुन्या वर्षांना मर्यादा याहून कमी होती, म्हणजे हातात त्याहीपेक्षा कमी. माझ्या एका मित्राचा सगळा बेत या पेन्शनवर उभा होता. आकडा कळल्यावर त्यानं राजीनाम्याचा कागद परत खणात ठेवला.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर सध्या 8.2 टक्के व्याज आहे आणि तिच्यात 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. पण अट साठीची. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना 55 पासून दार उघडतं, तेही निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. नुसता राजीनामा देऊन एकोणपन्नासाव्या वर्षी घरी आलेल्याला ते बंदच. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर 40 टक्के आणि स्त्रियांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. पुढे गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत काही परतली नाही. म्हणून "साठीनंतर हे हे मिळेल" असं धरून आज हिशेब करू नये. मिळालंच तर ते वरचं.

पंचवीस पट की तेहतीस पट?

1994 मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारानं तिथल्या बाजाराचा जुना इतिहास तपासून एक ठोकताळा मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे 4 टक्के काढायचे आणि पुढे महागाईइतकी वाढ घेत राहायची, तर पैसे तीस वर्षं पुरतात. चार टक्के म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पुंजी. आपल्याकडे हा आकडा सर्रास उचलला जातो. पण तो तीस वर्षांचा आहे आणि अमेरिकेतल्या महागाईचा आहे. पन्नाशीत बाहेर पडणाऱ्याला चाळीस वर्षांचं बघावं लागतं. मी 3 टक्के धरले, म्हणजे सुमारे 33 पट. महिन्याला 60,000 खर्च असेल तर वर्षाला 7 लाख 20 हजार. पंचवीस पटीनं 1 कोटी 80 लाख, तेहतीस पटीनं जवळपास 2 कोटी 40 लाख.

आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण तो खाली आणायचा एक सरळ मार्ग आहे: थोडं कमवत राहणं. शिकवण्या, भाषांतर, कुणाचे हिशेब लिहिणं, जमेल ते. महिन्याला 20,000 जरी आले तरी वरच्या खर्चाचा तिसरा हिस्सा भागतो आणि पुंजीला हात कमी लागतो. पहिल्या पाच वर्षांतली अशी कमाई सगळ्यात मोलाची, कारण पुंजीला सुरुवातीलाच पडलेली भोकं नंतर भरून निघत नाहीत.

आणि खर्च मोजताना बायकोची वही बघावी, स्वतःची आठवण नव्हे. माझ्या आठवणीत आमचा महिना 48,000 चा होता. वहीत तीन वर्षांची सरासरी 61,000 निघाली. फरक होता तो लग्नातल्या आहेरांचा, दाताच्या कॅपचा, स्कूटरच्या बॅटरीचा आणि सोसायटीनं बाहेरच्या रंगकामाला मागितलेल्या वर्गणीचा. महिन्याला न येणारे खर्च दर वर्षी न चुकता येतात.

व्याजानं दिलेला धडा

2000-01 मध्ये सरकारी बँकांतले सुमारे लाखभर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मराठी मध्यमवर्गात असं एक तरी घर तुमच्या ओळखीचं असेल. तेव्हा काळ कसा होता ते बघा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे आपल्या पीपीएफवर, जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के मिळत होते. मार्च 2003 मध्ये दर 8 टक्क्यांवर आला. बँकांतल्या ठेवींचं व्याजही असंच घसरलं. दहा लाखांवर 11 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 10 हजार येतील असं धरून चाललेल्या घरात 8 टक्क्यांनी 80,000 यायला लागले, आणि भाजी काही स्वस्त झाली नाही. महागाई 6 टक्के असेल तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. "बसून खाल्लं तर कुबेराचं धनही पुरत नाही" ही म्हण खरं तर महागाईबद्दलच असावी.

मग सगळं शेअर बाजारात? तिथला धडा 2008 चा. जानेवारीत 21,000 ला शिवलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 8,000 च्या खाली गेला होता. नोकरीत असलेल्याला तेव्हा थांबता आलं. ज्याला किराण्यासाठी दर महिन्याला युनिट विकावी लागत होती, त्यानं पडत्या भावात विकली, आणि बाजार वर आला तेव्हा ती त्याच्याकडे नव्हती.

यावरच्या उपायाला आमच्या घरात तीन नावं पडली आहेत: डबा, कणगी आणि शेत. डब्यात तीन वर्षांचा खर्च, मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात. कणगीत पुढच्या पाचेक वर्षांचा, पीपीएफ आणि रोख्यांच्या फंडात. उरलेलं शेतात, म्हणजे शेअरच्या साध्या इंडेक्स फंडात. पीक चांगलं आलं त्या वर्षी शेतातून कणगी आणि कणगीतून डबा भरायचा. दुष्काळात शेत विकायचं नाही, डब्यातलं खायचं.

राजीनाम्याआधीची खरेदी

काही गोष्टी पगार चालू असतानाच घ्याव्यात. पहिली आरोग्य विम्याची. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी पंचेचाळिसाव्या वर्षीच वेगळी पॉलिसी घेतली. चार वर्षं तिचा हप्ता वाया गेल्यासारखा वाटला. नोकरी सुटली त्या दिवशी ती पूर्ण लागू होती. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढाच दिलासा.

दुसरी गोष्ट कर्जाची. घर बदलायचं असेल, क्रेडिट कार्ड हवं असेल, तर सॅलरी स्लिप हातात असताना मागावं. नंतर तुमच्या नावावर दोन कोटी असले तरी बँक विचारते, "उत्पन्नाचा पुरावा?" तिसरी गोष्ट न घेण्याची: कोकणातलं सेकंड होम. दरवर्षी पंधरा दिवस राहायचं आणि बाकीचे दिवस गळती, वाळवी आणि केअरटेकरचे फोन. त्या घराला लागणाऱ्या पैशाच्या व्याजात चांगल्या होम-स्टेमध्ये महिनाभर राहता येतं.

आणि पैसे जमा झाले की फोन येतात. माझ्या बँकेतला एक तरुण "सर, अभिनंदन!" म्हणत घरी आला आणि "एफडीसारखंच, पण जास्त" म्हणून एका कागदावर सही घेऊन गेला. रात्री चष्मा लावून वाचलं तर ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मी बाविसाव्या दिवशी केली. त्यानंतर एक नियम केला: सही दुसऱ्या दिवशी. ठेवींचंही तसंच. एका बँकेत एका नावावर मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच विमा संरक्षण असतं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. अर्ध्या टक्क्याच्या लोभानं सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत ठेवलेल्यांनी तेव्हा काय भोगलं, ते मुंबईकरांना सांगायला नको.

गुडघ्यांच्या क्रमानं प्रवास

प्रवासात मात्र पुलावरच्या माणसाकडे एक गोष्ट आहे जी नोकरदाराकडे नसते: मंगळवार. शनिवारी दुप्पट भाड्यानं मिळणारी खोली मंगळवारी घासाघीस करून मिळते. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळत नाही, पण त्यानंतर पंधरा दिवसांनी तेच कोकण तितकंच हिरवं असतं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. तारीख मागेपुढे करता येत असेल तर तत्काळच्या वाटेला जावं लागत नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा असतो. आम्ही सात दिवसांच्या पासावर खानदेश पाहिला.

जागांची यादी मी किमतीनं लावली नाही, गुडघ्यांनी लावली. राजगड, हरिश्चंद्रगड आधी. युरोपची बस-सहल पुढेही होईल. यादीत सगळ्यात वर नर्मदा परिक्रमा आहे. पायी परिक्रमा कार्तिकी एकादशीनंतर उचलतात आणि नदी कायम उजव्या हाताला ठेवून चालतात. परंपरेनं तिला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. आता बरेच जण पाच-सहा महिन्यांत करतात. वाटेवर आश्रम आणि सदावर्तं आहेत, त्यामुळे पैसा फार लागत नाही. लागतात ते सलग महिने, आणि ते रजेच्या अर्जावर मिळत नाहीत.

वाईला उतरताना सासऱ्यांना परत आम्हा दोघांचा हात लागला. खाली उतरल्यावर ते क्षणभर थांबले. माझं तिकीट अजून माझ्या हातात होतं, त्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, पूर्ण तिकीट पडतंय तोवर फिरून घ्या. माझं फुकट आहे, पण पायरी उंच झालीय."

तिकीट मी पाकिटात ठेवून दिलं. कार्तिकी एकादशी झाली की आम्ही दोघं ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलणार आहोत.