गणपतीचे फोटो आणि आजींचा डेटा पॅक

आजचा विषय मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी आहे. घरात असं कुणी असेल तर त्याला हाक मारा.

गणेशोत्सव झाला की वेबसाइटवर फोटोंचं पान चढतं. समजा 80 फोटो, प्रत्येकी 3 एमबी. झाले 240 एमबी. इथे घरच्या वायफायवर ते कुणाला जाणवत नाही. पण तेच पान साताऱ्याकडच्या गावात आजी मोबाइलवर उघडतात. नातवाचा फोटो सापडला, बघितला, पान तसंच उघडं राहिलं, आणि ब्राउझर मात्र न बघितलेले फोटोही ओढत बसतो. डेटा आजींचा जातो.

यावर उपाय म्हणजे लेझी लोडिंग. नाव आळशाचं, काम शहाण्याचं. पंगतीत सगळी जिलबी एकदम पानात ओतत नाहीत, वाढपी फेरी मारतो. तसंच इथे फोटो पडद्याजवळ आला की मगच मागवला जातो. त्यासाठी चित्राच्या टॅगमध्ये 'लोडिंग' या गुणधर्माला 'लेझी' ही किंमत द्यायची, एवढंच. क्रोमला हे 2019 पासून कळतं, फायरफॉक्सला 2020 पासून, सफारीला 2022 पासून.

पण हे लिहायचं कुणी? फोटो चढवणारे कार्यकर्ते मार्कडाउनमध्ये लिहितात. साध्या मार्कडाउनमध्ये त्याला जागाच नाही, आणि दरवेळी लक्षात ठेवा म्हणून सांगून काही होत नाही. काहीजण पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने तो गुणधर्म जोडतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ब्राउझर एचटीएमएल वाचता वाचताच फोटो मागवायला लागतो. म्हणून हे काम साइट बिल्ड होतानाच करावं. ह्यूगोमध्ये चित्रांसाठी रेंडर हुक लिहिता येतो. इलेव्हन्टीमध्ये ट्रान्सफॉर्म लिहिला की तयार झालेल्या प्रत्येक पानातल्या सगळ्या चित्रांवरून हात फिरतो. एकदा लिहिलं की पुढच्या वर्षीच्या नव्या समितीला काही शिकवावं लागत नाही.

एक अपवाद मात्र हवाच. पान उघडताच दिसणारा पहिला मोठा फोटो, म्हणजे बहुतेक वेळा बाप्पाच, लेझी करू नका. तो उगाच उशिरा येतो. वर्डप्रेसने 2020 मध्ये लेझी लोडिंग आपोआप सुरू केलं, आणि 2022 च्या सुरुवातीला मजकुरातल्या पहिल्या चित्राला त्यातून वगळलं, ते याचसाठी.

त्याच पायरीत प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंचीही टॅगमध्ये लिहून घ्या. नाहीतर फोटो येईल तसं पान खाली ढकललं जातं आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

आणि हो, लेझी केल्याने फोटो हलका होत नाही. 3 एमबीचा फोटो 3 एमबीचाच राहतो, फक्त नंतर येतो. तेव्हा बिल्डमध्येच तो मोबाइलच्या मापाचा करून घ्या. मग क्रोममध्ये एफ 12 दाबा, नेटवर्कचा भाग उघडा आणि पान सावकाश खाली सरकवा. फोटो एकेक करून येताना दिसले पाहिजेत.