शिकार टांगून कां ठेवतात?

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत ज्या वाड्यांना शिकारीचें रान जोडलेलें असतें, त्यांच्या मागील अंगास बहुधा जाड भिंतींची एक थंड खोली आढळते. खिडक्यांना बारीक जाळी, आंत आडव्या दांड्या, दांड्यांना आंकडे; आणि हंगामांत त्या आंकड्यांस एखादें तांबडें हरीण मागील पायांनीं टांगलेलें, तर शेजारीं फेझंट पक्षी मानेला दोरी बांधून जोडीजोडीनें लोंबत असलेले. ताजें मांस घरांत असतां तें आठवडाभर तसेंच ठेवावयाचें, ही रीत आपल्या गृहिणींना विपरीत वाटेल. सकाळीं कापलेलें मटण दुपारच्या आंत चुलीवर चढलें पाहिजे, हा आपला नियम! यांत चुकत कोणीच नाहीं. पण तें कसें, हें समजण्यासाठीं प्राणी मेल्यानंतर त्याच्या स्नायूंत काय घडतें तें पाहिलें पाहिजे.

प्राण गेला म्हणजे रक्त वाहावयाचें थांबतें. स्नायूंतील रासायनिक व्यापार मात्र लगेच थांबत नाहीं. त्यांत सांठविलेलें ग्लायकोजेन नांवाचें पिष्टमय द्रव्य मोडत राहतें व त्याचें लॅक्टिक आम्ल बनतें. आपलें दहीं आंबट करणारें आम्ल तें हेंच. सांठा संपला कीं स्नायूंचे तंतु एकमेकांत अडकून बसतात आणि कांहीं तासांत सारें शरीर लांकडासारखें ताठ होतें. या अवस्थेंत शिजविलेलें मांस चिवट लागणारच. पुढें स्नायूंतच असलेलीं एन्झाइमें, विशेषतः कॅल्पेन, तंतूंना जोडणारे दुवे हळूहळू कातरूं लागतात. ताठरपणा जातो, मांस मऊ पडतें आणि प्रथिनें मोडून त्यांतून चव देणारीं द्रव्यें सुटतात. लोणचें बरणींत मुरतें, तसें मांस आंकड्यावर मुरतें म्हणा ना.

परंतु मुरणें आणि कुजणें यांच्यांत अंतर थोडें आहे, आणि या अंतरावरच खाणाराचें आरोग्य अवलंबून आहे. मुरविणारीं एन्झाइमें मांसाच्या आंतच असतात. कुजविणारे जंतु बाहेरून आणि आंतड्यांतून शिरतात. दोघांची शर्यत लागलेली असते, व तिचा निकाल थंडी ठरविते. शून्य ते चार अंश सेंटिग्रेडच्या थंडींत जंतूंची वाढ फार मंदावते, एन्झाइमांचें काम सावकाश कां होईना चालू राहतें. म्हणून हरीण पडतांच त्याचें पोट उघडून आंतडीं काढून टाकतात. चरणाऱ्या जनावराच्या पोटांतला चारा त्याच्या मृत्यूनंतरहि आंबत राहतो व अंग निवूं देत नाहीं. गोळी पोटांत लागून आंतडें फुटलें असेल, तर तें मांस फार दिवस टांगण्याच्या लायकीचें राहत नाहीं. पक्ष्यांची रीत निराळी. ते पिसांसकट, पोट न फाडतांच टांगावयाचे. शेंपटीचें पीस ओढतांच हातीं आलें कीं पक्षी तयार झाला, अशी जुनी परीक्षा. ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच रसिकानें १८२५ सालच्या आपल्या ग्रंथांत फेझंट अगदीं कुजूं लागण्याच्या सीमेवर खावा असें सांगितलें आहे. असल्या रसिकतेशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. तिचें अनुकरण मात्र कोणी करूं नये.

थंडी हवी, पण तीहि घाईनें नको. १९६३ सालीं न्यूझीलंडमध्यें लॉकर व हॅगयार्ड यांनीं दाखवून दिलें कीं, शरीर ताठ होण्यापूर्वींच मांस फार थंड केलें, तर स्नायु आंखडतात. असें आंखडलेलें मांस पुढें कितीहि शिजविलें तरी चिवटच राहतें.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, जनावराचे शेवटचे क्षण कसे गेले हें त्याच्या मांसावर उमटतें. जें हरीण कुत्र्यांपुढें कोसभर जिवाच्या आकांतानें पळालें, त्याचें ग्लायकोजेन पळण्यांतच संपलेलें असतें. मग आम्ल बनणार कशाचें? तें मांस काळसर आणि चिकट होतें व लौकर नासतें, कारण जंतूंना आवरणारा आंबटपणा त्यांत आलेलाच नसतो. स्कॉटलंडमधील जाणता शिकारी तासन्‌ तास ओल्या गवतांतून सरपटत जातो आणि चाहूल न लागलेल्या, शांतपणें चरणाऱ्या हरणावर एकच गोळी झाडतो. जनावराचे हाल टळावेत हा त्यांतला पहिला हेतु. मांसाचा आंबटपणा आपोआप साधतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें शिकारीला मनाई आहे, तेव्हां आंकड्यावर हरीण टांगण्याचा प्रश्नच उरत नाहीं. पण मुंबईच्या किंवा कोंकणच्या उन्हाळ्यांत उघड्यावर ठेवलेल्या मांसाच्या शर्यतींत जंतूच जिंकणार, हें आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकतांहि ठाऊक होतें. मटण ताजेंच शिजवावयाचें आणि चिवटपणावर कच्च्या पपईचा तोडगा करावयाचा, ही त्यांची युक्ति. पपईच्या चिकांतलें पपेन हें एन्झाइमच आहे. आंकड्यावर आठवडा लावणारें काम तें तासाभरांत, आणि भांडें तापूं लागलें म्हणजे तर फारच झपाट्यानें, करतें. मात्र त्याला थांबावयाचें कळत नाहीं. पपई चोळून मटण रात्रभर तसेंच विसरलांत, तर सकाळीं त्याचा वरचा थर पिठूळ झालेला आढळेल.